चार नटांची चाकं आणि आपलं भांडण

नंदू,

तुला निरोप द्यायला दहाच माणसांना आत सोडलं आणि त्या दहांत मी होतो. मास्क लावून, मध्ये दोन खुर्च्या सोडून, मान खाली घालून बसलो होतो. 'भाऊजी, तुम्ही चार शब्द बोला,' असं विनयाने आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि तुझं शिक्षण, तुझी नोकरी, शॅननच्या गणपतीत तू बडवलेला ताशा, असलं काहीबाही बोलून खाली बसलो. खरं बोलायचं होतं ते असं, की हा माणूस माझ्याशी भांडण अर्धवट टाकून गेला आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. पण तिथे ते कसं बोलणार? म्हणून आता बोलतो. ऐकून घे. मध्ये तोंड घालायची सवय होती तुला, ती आता नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

साडू हे नातं मोठं मजेशीर. लग्नाआधी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं आणि लग्नानंतर सासरी कायम शेजारच्या पाटावर बसावं लागतं. माझ्या वैशालीच्या धाकट्या बहिणीने, विनयाने, तुझ्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी तुला पहिल्यांदा पाहिलं आणि हा मुलगा फार बोलतो, असं माझं मत झालं. ते शेवटपर्यंत बदललं नाही. पुढे दोघांच्याही नोकऱ्या आयर्लंडमध्ये निघाल्या. मी डब्लिनला, क्लोनडॉकिनजवळच्या औषधांच्या कारखान्यात. तू तिकडे पश्चिमेला शॅननमध्ये, वैद्यकीय उपकरणांच्या. माझं काम तुला तोंडपाठ होतं, कारण त्याची टिंगल हा तुझा छंद होता. आमच्या कारखान्यात कुणाला साधा वॉशर जरी बदलायचा असला तरी तो आधी माझ्याकडे येतो. त्या वॉशरमुळे आणखी कशाकशाला धक्का लागेल याचा मी विचार करतो आणि बहुतेक वेळा नकार देतो. 'साडूभाऊ, तू नाही म्हणायचा पगार घेतोस,' असं तू चारचौघांत म्हणायचास. सगळ्यांत मोठ्याने हसायची ती माझी बायको.

गाडी घेतलीस तेव्हा तू मला नुसता फोटो पाठवलास. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी, लांबलचक बॉनेट, आखूड शेपूट, उडालेला हिरवा रंग, स्टिअरिंग डावीकडे. खाली लिहिलं होतंस, 'मसल कार!' मी लगेच विचारलं, इंजिन कुठलं? बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, 'सहा सिलिंडर.' मी इतका हसलो की वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या काळी तीच गाडी दोन तऱ्हांनी मिळायची. ज्यांना रस्त्यावर गुरगुरायचं असे त्यांच्यासाठी आठ सिलिंडरचं व्ही-एट, आणि ज्यांना नुसतं कामावर जाऊन परत यायचं असे त्यांच्यासाठी सहाचं साधं इंजिन. 'वरून पैलवान, आतून शाळामास्तर,' असं मी लिहून पाठवलं आणि ते तुला लागलं. तेव्हापासून त्या इंजिनाचं नाव मास्तर पडलं. तू स्वतःही तेच म्हणायला लागलास, पण मी म्हटलं की चिडायचास.

खरं तर त्या मास्तरावर तू खूश होतास. विनयाला आणि लेकीला, ईराला, घेऊन किलकीच्या समुद्रावर जायचास, तिथे गाडीभोवती म्हातारे जमायचे, त्यांच्याशी गप्पा मारत आइस्क्रीम वितळवायचास. मग दोन हजार वीस साल उजाडलं, सगळं बंद झालं, तुझ्या हाताशी वेळ आला, आणि लिमरिकच्या बाजूला कुणाकडे तरी तशीच एक गंजलेली गाडी आणि तिच्यातलं धडधाकट व्ही-एट तुला सापडलं. मास्तरला बाहेर काढलंस आणि पैलवान आणून ठेवलास.

जुलैत प्रवासावरची बंधनं सैल झाली तसे आम्ही दोघं तुमच्याकडे आलो. सिक्समाइलब्रिजजवळची नोएलची शेड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नोएल आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त करून थकलेला, शेडचा अर्धा भाग तुला वापरायला दिलेला, आणि चहाचा कप हातात धरून दोन भारतीय काय करतात ते बघत बसलेला. 'गाडी तीच आहे रे पोरांनो, बसेल ग्रँड,' तो म्हणाला. आपलीही खात्री होती. ही चूक आपल्यासारख्यांनीच करावी. कारखान्यात एकाच मॉडेलची दोन यंत्रं असली की एकाचा भाग दुसऱ्याला चालतो, यावर तर आपली पोटं भरतात. त्या अमेरिकनांनी एकाच सांगाड्यात दोन्ही इंजिनं घालून विकली, म्हणजे भोकं एकाच जागी असणार, असं तू म्हणालास आणि मीही मान डोलावली. साखळीला टांगलेलं इंजिन आपण दोघांनी बोट बोट करत खाली सोडलं. ते खाली आलं आणि अधांतरी राहिलं. सांगाड्यावरच्या ज्या दोन ब्रॅकेटांवर इंजिन टेकतं, ती मास्तरची होती. पैलवानाचे पाय भलतीकडेच.

मग मी गाडीखाली शिरलो आणि बाहेर आलो तो तुझ्या भाषेत वकील होऊन. नुसती ब्रॅकेटं बदलून भागण्यासारखं नव्हतं. पुढच्या स्प्रिंगा हलक्या इंजिनाच्या वजनाच्या, ब्रेकचे ड्रम लहान, स्टिअरिंगचे दांडे बारीक, मागचा ॲक्सल नाजूक. सगळ्यांत उघड गोष्ट तर बाहेरून दिसत होती. व्ही-एट गाडीचं चाक पाच नटांवर बसायचं, तुझ्या गाडीचं चारच नटांवर. ज्या गाडीला त्यांनी पळायची ताकद जास्त दिली तिला थांबायची ताकदही जास्त दिली होती. 'इंजिन म्हणजे जावई,' मी म्हणालो. 'एकटा येत नाही. त्याच्या आवडीनिवडी, त्याचं पथ्यपाणी, सगळं घराला सोसावं लागतं.' विनया डबा घेऊन तिथेच उभी होती. 'आमचं माहेर दोन सोसतंय,' ती म्हणाली.

त्या दिवशी तू वाद घातला नाहीस. जुन्या टायरवर बसून थालीपीठ खात गाडीकडे बघत राहिलास. निघताना नुसतं 'बघू' म्हणालास. तुझ्या 'बघू'चा अर्थ 'मी माझंच करणार' असा असतो, असं मी वैशालीला घरी येईपर्यंत रस्ताभर समजावून सांगितलं.

ऑगस्टमध्ये साताऱ्याला माझी आई गेली. जायला विमान नव्हतं. भावाने फोन धरला आणि मी क्लोनडॉकिनच्या बैठकीच्या खोलीत बसून सगळं त्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलं. मध्येच चित्र अडकलं. ते नेमकं कशावर अडकलं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, वैशालीलाही नाही. तुला सांगेन असं खूपदा वाटलं होतं.

त्यानंतर माझं बोलणं बंद झालं. कामापुरतं बोलायचो, लॅपटॉप मिटला की भिंतीकडे तोंड करून पडायचो. फोन यायचे. सगळे चांगलंच बोलायचे. वय झालं होतं, त्रास न होता गेल्या, आता तुम्ही सावरायला हवं. प्रत्येक वाक्यागणिक मी आणखी आत आत जायचो. मग फोन उचलणंच सोडून दिलं. वैशाली घाबरली आहे हे मला दिसत होतं आणि तरीही माझ्याने उठवत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिने फोन सरळ माझ्या कानाला लावला आणि हात तसाच धरून उभी राहिली. पलीकडे तू होतास. मला वाटलं, आता हाही सुरू करणार. तू म्हणालास, 'साडूभाऊ, मास्तरचीच ब्रॅकेटं कापतो, थोडी वाकवतो आणि व्ही-एटला वेल्ड करून टाकतो. काय हरकत आहे?'

मी उठून बसलो. 'काय हरकत आहे? नंदू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?'

'अरे, वेल्डिंगच तर आहे.'

'इंजिन सुटलं ना त्या वेल्डिंगवरून, तर थेट तुझ्या मांडीवर येईल!'

मी किती वेळ बोलत होतो कोण जाणे. वैशालीने कधी हात काढून घेतला आणि फोन मी कधी स्वतः धरला, तेही कळलं नाही. फोन ठेवल्यावर मला भूक लागली होती. कित्येक दिवसांनी लागली होती.

मग दर रविवारी तुझा फोन येऊ लागला, आणि दर रविवारी तुझी अक्कल थोडी थोडी कमी होत गेलेली असायची. एकदा म्हणालास, चार नट भरपूर झाले, पाचवा नट अमेरिकनांनी शोभेसाठी लावलाय. एकदा म्हणालास, आयर्लंडात मोठे ब्रेक हवेतच कशाला, पुढे कायम मेंढ्या असतात, वेग येतोच कुठे. आणि स्प्रिंगा वजनाने दबतील म्हटल्यावर तुझं उत्तर होतं, 'टेनिसचा चेंडू घालतो ना मधे. पुण्यात रिक्षावाले घालतात.' मी ओरडलो, 'रिक्षात व्ही-एट असतं का?' मी खरोखर चिडायचो, नंदू. हा माणूस माणसांच्या शरीरात घालायची उपकरणं तपासतो, या विचाराने माझी झोप उडायची. शनिवारी मी जुनी मॅन्युअलं उघडून बसायला लागलो. ड्रम केवढा, गाडीचं पुढचं वजन किती वाढेल, थांबायला रस्ता किती लागेल, सगळं काढून ठेवायचो, तुझं तोंड बंद करायला. रविवारी सकाळी दाढी करायचो. बिनदाढीचा माणूस भांडणात गंभीर वाटतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

दसऱ्याला पुन्हा सगळं बंद होतं. जिल्हा ओलांडायची परवानगी नव्हती. तू शेडमधून व्हिडिओ लावलास. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटमधल्या पिवळ्या शेवंतीचा हार, स्टँडवर व्ही-एट, त्याला हळदकुंकू, शेजारी पाने-हातोड्या मांडलेल्या, आणि मागे नोएल टोपी काढून हात जोडून उभा. मला हसू आलं. मी म्हटलं, 'छान. आता बॉनेट उघड. ब्रॅकेटांचं काय करून ठेवलंयस ते बघू दे.'

'आज नाही,' तू म्हणालास. 'पूजेला लावलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. तुला एवढंही माहीत नाही?'

'बॉनेट हे हत्यार आहे का?'

'बॉनेटच्या आत काय असतं? यंत्र. यंत्राची पूजा झाली. विषय संपला.'

एरवी पितृपक्षात नवे बूट घेणारा माणूस तू. त्या दिवशी एवढा धार्मिक कसा झालास, याचं मला नवल वाटलं, पण सणाच्या दिवशी कुठे ताणा, म्हणून सोडून दिलं.

दिवाळीतला रविवार मात्र मनात घर करून बसलाय. मी तुला ड्रम ब्रेक तापल्यावर काय होतं ते समजावत होतो, आणि बोलता बोलता म्हणून गेलो, 'आईचा तवा कसा तापायचा...' मी फोन धरून रडलो. लहान मुलासारखा रडलो. तू काही बोलला नाहीस. एक शब्द नाही. फोन मात्र ठेवला नाहीस, तुझा श्वास मला ऐकू येत होता. माझं थांबल्यावर तू घसा साफ केलास आणि म्हणालास, 'बरं, मागच्या चाकांचं काय म्हणत होतास?' मला त्या क्षणी वाईट वाटलं. इतकं सगळं होऊन याला अजून चाकांचंच पडलंय, असं वाटलं. तरी मी मागच्या चाकांचं सांगितलं. सांगताना आवाज सरळ झाला.

फेब्रुवारीत तू गेलास. त्याआधीच्या रविवारी आपण रेडिएटरवर आलो होतो. मी म्हणत होतो, तो लहान आहे, पैलवान त्यात उकळेल. तू म्हणालास, 'पुढच्या रविवारी तुला असं उत्तर देतो की गप्प बसशील.' ते उत्तर काय होतं, याचा विचार मी क्रिमेटोरियमच्या खुर्चीत बसूनसुद्धा करत होतो. लाज वाटते सांगायला, पण करत होतो.

एप्रिलमध्ये विनयाचा फोन आला. नोएलच्या मुलाला शेड हवी होती. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन बघून गेला होता, गाडी सुटी सुटी करून न्यायला तयार होता. सांगाडा एकीकडे, इंजिन एकीकडे, दारं एकीकडे. 'भाऊजी,' ती म्हणाली, 'ती अशी सुटी सुटी जाऊ देऊ नका. नंदूला हवी होती तशी जोडून द्या. मग मी ठेवीन ती. मी चालवीन.' 'जोडतो,' एवढंच मी म्हणालो.

तुला हवी होती तशी, म्हणजे व्ही-एट. जन्मभर नाही म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी हो म्हटलं, नंदू. ठरवलं की तुला जिंकू द्यायचं, पण विनयाला धोका नको, म्हणून सगळं नीट करून जिंकू द्यायचं. महिनाभर मी त्याच्याच मागे होतो. चाकं ज्यांवर बसतात ते पाच नटांचे हब मिळवले, मोठे ड्रम मिळवले, जाड स्प्रिंगा मिळवल्या, पैलवानाची ब्रॅकेटं कुरिअरने मागवली. वैशाली सगळं बघत होती. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलंन आणि परत मिटलंन. मे महिन्यात जिल्ह्यांच्या हद्दी उघडल्या तशी डिकी भरून आम्ही निघालो.

शेडच्या दारात नोएल भेटला. 'आलास का, नाही म्हणणाऱ्या?' त्याने विचारलं. मी हो म्हणालो. विनया आणि ईरा आधीच आलेल्या होत्या. कोपऱ्यात ताडपत्रीखाली इंजिन होतं. मी आधी गाडीकडे गेलो, बॉनेट उघडलं, आणि उघडं धरून तसाच उभा राहिलो.

सांगाड्यावर मास्तरची ब्रॅकेटं होती. कापलेली नव्हती, वाकवलेली नव्हती. घासून, काळा रंग देऊन, नव्या रबरांसकट परत जागच्या जागी घट्ट बसवलेली होती. मी वाकून चाकाच्या आत पाहिलं. लहान ड्रम, पण कोरे. स्प्रिंगा हलक्या इंजिनाच्याच, पण कोऱ्या. रेडिएटर तोच लहान, स्वच्छ केलेला. दुसऱ्या कुणाला त्यातून काही कळलं नसतं. मला कळायला वेळ लागला नाही, कारण मीच तुला शिकवलं होतं कशाला काय लागतं ते. त्या सांगाड्यात एकच इंजिन बसू शकत होतं. मी ताडपत्री ओढली. खाली मास्तर होता, नवी गॅस्केटं घातलेला, साखळीला अडकवून तयार.

'व्ही-एट कुठाय?' मी विचारलं.

'ते?' नोएल म्हणाला. 'ते हॅलोविनच्या आधीच गेलं. एनिसच्या एका पोराला देऊन टाकलं त्याने. तुला सांगितलं नाही?'

हॅलोविन ऑक्टोबरच्या शेवटी. म्हणजे पूजा झाली आणि त्याच आठवड्यात. मी मनात रविवार मोजायला लागलो आणि थांबलो. दिवाळी, ख्रिसमस, संक्रांत. पाचवा नट. रेडिएटर. जे इंजिन तुझ्याकडे नव्हतंच, त्याच्यासाठी तू माझ्याशी थंडीभर भांडत होतास. मला आधी राग आला. खरंच आला. इतकी मॅन्युअलं वाचली मी!

'भाऊजी, तुमचं त्याला जुलैतच पटलं होतं,' विनया म्हणाली. ती माझ्या शेजारी येऊन उभी होती. 'तुम्ही डब्लिनला पोहोचायच्या आत म्हणाला, साडूभाऊ बरोबर बोलतोय, मास्तरच परत बसवतो. मला वाटलं, मागाहून तरी ताईने तुम्हाला सांगितलं असेल.'

मी वैशालीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. 'मला कसं सांगवेल?' ती म्हणाली.

'मग दर रविवारी...' मी म्हणालो.

'तुम्ही दुसऱ्या कशावर बोलत होतात का?' विनया म्हणाली. 'ताईचा रडत फोन आला होता, की हे कुणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. नंदू म्हणाला, सांत्वन मला जमत नाही, उगाच चुकीचं बोलेन, पण साडूभाऊला चिडवणं जमतं. शनिवारभर डोकं खाजवत बसायचा. म्हणायचा, उद्या इतकं मूर्खासारखं काय बोलू की तो उठून बसेल?'

'टेनिस बॉल वॉज माय आयडिया, काका,' ईरा मागून हळूच म्हणाली. 'सॉरी.'

'आणि इंजिन तुमच्याशिवाय खाली सोडणार नव्हता,' विनया म्हणाली. 'हद्दी उघडल्या की साडूभाऊ येईल, त्याला हे बॉनेट उघडून दाखवीन आणि सांगीन, बाबा, हरलो मी. मग गप्प बसेल तो, म्हणायचा.'

मी शेडच्या बाहेर गेलो आणि भिंतीला धरून रडलो. या वेळी आईसाठी नव्हे, तुझ्यासाठी. दिवाळीतल्या त्या दिवशी तू गप्प का राहिलास, मागच्या चाकांचा विषय का काढलास, ते मला त्या भिंतीपाशी समजलं. तुला दगड समजलो होतो मी. तू माझ्यासाठी वर्षातले इतके रविवार मूर्ख झालास, नंदू. इंजिनियर माणसाला दुसऱ्या इंजिनियरसमोर मूर्ख ठरणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. तू ते दर आठवड्याला, हसत, घरच्या माणसांदेखत केलंस. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली असेल तर ती माझ्या आईने. तिलाही हे सांगायचं राहिलं आणि तुलाही.

मास्तर आम्ही त्याच दिवशी खाली सोडला. साखळी नोएलकडे, एक बाजू मी धरलेली, एक विनयाने. तू रंगवलेल्या ब्रॅकेटांवर तो पहिल्याच खेपेला असा बसला की बोल्ट बोटांनी आत गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाकीची जोडाजोड पुढच्या काही शनिवारी झाली. डिकीतले पाच नटांचे हब मी एनिसच्या त्या पोराला देऊन आलो, त्याच्या कामाचे होते. त्याने पैलवान चालू करून दाखवला. आवाज ऐकून मी त्याला तो पुन्हा एकदा चालू करायला लावला.

काल गाडी रस्त्यावर आणली. विनया चालवायला बसली, मी शेजारी, वैशाली आणि ईरा मागे. सपाट रस्त्यावर मास्तर सुरेख चालला. मग विनयाने डोंगराकडचा रस्ता घेतला. चढ लागला आणि मास्तर दमला. तिने पाय दाबून धरला होता तरी वेग उतरतच गेला. मागून एक ट्रॅक्टर आला आणि आमच्यामागे खोळंबला. ट्रॅक्टर, नंदू! ईराला हसू आवरेना. आणि ज्याने तुला इतके महिने नाही नाही म्हणून सतावलं, त्या माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, 'व्ही-एटच घालायला हवं होतं.'

विनयाने गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टरवाला हात करून पुढे गेला. इंजिन चालू होतं. आम्ही चौघंही थांबलो होतो, तू काहीतरी बोलशील म्हणून.

मी गमतीने नाही म्हणालो, रे. मला खरंच तसं वाटलं. चार नटांना काय होतंय? स्प्रिंगांचं बघता येईल, ब्रेकचंही बघता येईल. मी सांगतोय, घालू या व्ही-एट. आता नाही म्हणायची पाळी तुझी आहे. म्हण ना, नंदू. चांगला ओरड माझ्यावर.